विठाबाईचे तिकीट

"काका, श्वास सोडा. धरून नका ठेवू. इमानात तीन तास काय श्वास कोंडून बसताल का?" असे म्हणून आसिफने टेबल आणखी बोटभर आत ढकलले.

एका अंगाला आसिफच्या ऑनलाइन सेंटरचे लोखंडी कपाट, दुसऱ्या अंगाला प्रिंटरचे टेबल आणि मधल्या फटीत, बाकड्यावर, बलभीम. विमानातली सीट किती रुंद असते ते आसिफने मोबाइलवर शोधले होते आणि शिंप्याकडून टेप आणून नेमकी तेवढी फट तयार केली होती. फट बरोबर झाली, पण बलभीम तिच्यात मावेना. एक मांडी कशीबशी आत गेली, दुसरी कपाटाच्या दाराशी भांडत राहिली. गुडघे समोरच्या खुर्चीच्या पाठीत रुतले होते. भूमचा आठवडी बाजार होता, त्यामुळे सातबारा काढायला आलेली चार माणसे आपले काम विसरून ही गंमत बघत उभी होती.

"बलभीमदा, जरा दमानं. कपाट सरकायलंय," एकजण म्हणाला.

"कपाट सरकंल रं. इमान कसं सरकंल?" दुसऱ्याने विचारले.

सगळे हसले. बलभीमही हसला, आणि जरा सगळ्यांच्या आधीच हसला. ही त्याची जुनी सवय होती. आपण आधी हसलो की लोकांचे हसणे लवकर आटोपते, हे त्याला शाळेच्या बाकावर बसायच्या वयापासून माहीत होते.

बलभीम साडेसहा फुटांचा, आणि उंचीला शोभेल एवढा आडवा. गावाबाहेर त्याची खव्याची भट्टी होती. सकाळी दूध यायचे, दुपारपर्यंत कढया घोटायच्या, संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन खवा घेऊन जायचा. कढईतले दूध आटत आले, घट्ट झाले की भलेभले गडी हात टेकतात. बलभीम मात्र एका हाताने उलथणे फिरवत दुसऱ्या हाताने चहा प्यायचा. भट्टीपुढे त्याचा देह म्हणजे देवाचे देणे होते. अडचण सुरू व्हायची ती भट्टीपासून लांब गेल्यावर.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण ज्याने केली त्याने बलभीमला पाहिले नसणार. कुठलेही अंथरूण घ्या, याचे पाय बाहेरच. तेरखेड्याला एका लग्नात याच्याखाली प्लास्टिकची खुर्ची मोडली होती आणि वरातीसाठी आणलेल्या फटाक्यांपेक्षा तो आवाज लोकांच्या जास्त लक्षात राहिला होता. तेव्हापासून तो लग्नात पंगतीला बसत नसे, बुंदीची बादली घेऊन वाढायला लागत असे. लोक म्हणत, बलभीमदा फार सेवाभावी माणूस.

होता होता त्याने आपले जगच आखडून घेतले होते. घर, भट्टी, बाजार, एवढेच. एकुलती एक मुलगी सोनाली लग्न होऊन आसामात गुवाहाटीला गेली, तिला चार वर्षे होत आली, पण बलभीम एकदाही तिच्या घरी गेला नव्हता. विचारले की म्हणायचा, "भट्टी कुणावर सोडू?" आणि आता त्याच मुलीचे पहिले बाळंतपण आले होते.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सोनालीही सातव्या महिन्यात यायची होती. पण तिचा रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. सासू स्वतःच अंथरुणाला खिळलेली. नवरा विरेश तिकडच्या डोंगरात सरकारी रस्त्याच्या कामावर, आणि दरड कोसळून तो रस्ताच बंद झालेला. बलभीमने महिनाभर पुढचे रेल्वेचे तिकीट काढून ठेवले होते. तर काल सोनालीचा फोन आला.

"आप्पा, डॉक्टर थांबत न्हाईत म्हणतेत. सोमवारीच ऑपरेशन करायचंय."

"सोमवारी? रेल्वेनं तर तीन दिस लागतेत गं माय."

"तेच की. तुमी नका येऊ आप्पा. एवढ्या लांब तुमाला कसं जमंल? हितं नर्स हायती, शेजारच्या बायका हायती. म्या बघते सगळं."

तिने हे इतक्या मायेने सांगितले की बलभीमला ते जास्तच लागले. पोरीने आपल्याला मोकळे केले होते. तिच्या सगळ्या गोष्टींतून ती आपल्याला असेच मोकळे करत आली, हे त्याला एकदम दिसले. शाळेच्या स्नेहसंमेलनाला "खुर्च्या लई बारक्या हायत आप्पा, नका येऊ," असे तिनेच सांगितले होते. तेव्हा ती केवढीशी होती.

"मी येतो," बलभीम म्हणाला. "तुला माहेरी येता येईना, तर माहेर तिकडं येईल. तू बिनघोर राहा."

असे बोलणे सोपे होते. म्हणून तर आज तो कपाट आणि टेबल यांच्या मध्ये अडकून बसला होता.

आसिफने टेबल मागे ओढून त्याला सोडवले आणि कॉम्प्युटरपुढे बसला. पोरगा कामाचा होता. सगळ्या विमानांच्या सगळ्या सीटा त्याने धुंडाळल्या. "हे बघा काका. फुडं एकदम मोठ्या सीटा हायत. सोफाच समजा. पण एका तिकिटात म्हैस जाईल तुमची."

"म्हशीला हात लावू नको. दुसरं बघ."

"पहिल्या लायनीत पाय पसरायला जागा हाय. पण तिथली हात ठिवायची दांडी पक्की असतीया, उचलत न्हाय. तुमी आत गेलात तर बाहेर निघायचे न्हाईत. मधल्या दारापशी बी जागा मोठी हाय, पण पट्टा ज्याला पुरत न्हाय त्याला तिथं बसू देत न्हाईत." आसिफने मान खाजवली. "मग एकच इलाज हाय. साध्या दोन सीटा घ्यायच्या, शेजारी-शेजारी. मधली दांडी वर करायची न् ऐसपैस बसायचं. ही दोन तिकिटं त्या मोठ्या सीटच्या निम्म्यात येतेत."

"एका माणसाला दोन तिकिटं चालतेत का?"

"न चालायला काय झालं? एसटीत पोतं ठिवलं तरी आपण त्याचं अर्धं तिकीट काढतावच की. कंडक्टरला पैशाशी मतलब."

हे सगळ्यांनाच पटले. सातबारावाल्यांनीही माना डोलावल्या. आसिफने बलभीमचे नाव टाकले, मग दुसऱ्या रकान्यात पुन्हा बलभीमचेच टाकले, तर कॉम्प्युटर ते घेईना. एक माणूस दोनदा कसा बसेल, असे त्याचे म्हणणे असावे.

"काका, दुसरं नाव मागायलंय. कुणाचं टाकू?"

बलभीम दारातून बाहेर बाजाराकडे बघत होता. त्याने मान न वळवताच सांगितले, "इठाबाईचं टाक."

बलभीमच्या बायकोला, विठाबाईला, जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि तिच्या मातीला या दुकानातली सगळीच माणसे गेली होती.

"काका, काकी तर..."

"आरं, तिकिटाला नाव लागतंय ना एक? मग तिचं टाक. दुसरं कुणाचं टाकू मी?"

आसिफने नाव टाकले. विमान कंपनीला फोन करून विचारावे, जादा सीटची काही वेगळी रीत असते का ते बघावे, हे त्याच्याही डोक्यात आले नाही आणि बलभीमच्याही. पैसे भरले, सीट आपली झाली, हा एसटीचा हिशोब दोघांच्याही अंगात मुरलेला होता. प्रिंटरमधून कागद बाहेर आला. त्यावर दोन नावे एकाखाली एक होती. बलभीमने तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला.

संध्याकाळी आसिफची आई फातिमाबी डबा घेऊन घरी आली. डबा डिंकाच्या लाडवांचा होता. सोबत तिने जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या आणल्या होत्या, बाळाला गुंडाळायला. लुगडे विठाबाईचेच होते, बलभीमने कालच काढून दिले होते.

"भाऊ, आता कान देऊन ऐका," फातिमाबी म्हणाली. "पोरीला गार पाणी देऊ नका. कान बांधायला लावा. ऑपरेशन झाल्यावर लगेच लाडू देऊ नका, डॉक्टरला पुसून द्या. आणि रडली तर रडू द्या. बापे लोक लगेच 'रडू नको' म्हणत सुटतेत. काय म्हटलं मी?"

"रडली तर रडू द्यायचं," बलभीमने धडा म्हटल्यासारखे म्हटले.

"हौ. बाळंतिणीजवळ बसायला बाप्या माणसाला लाज वाटतीया. तुमी वाटून घेऊ नका."

"लाज कसली, वैनी. म्या बसंन. बसायला जागा मिळाली म्हंजी झालं."

फातिमाबी हसली, मग पदराने डोळे टिपत निघून गेली.

खव्याचा टेम्पो पुण्याला जातोच. बलभीम ड्रायव्हरशेजारी बसून त्यातूनच गेला आणि रविवारी सकाळी विमानतळावर उभा राहिला. एवढी उंच छते त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. या इमारतीत आपल्याला कुठेच वाकावे लागत नाही, याचे त्याला फार अप्रूप वाटले. माणूस वाकत नसला की त्याला धीर येतो, तसा तो काउंटरवर धीराने गेला आणि कागद पुढे केला.

काउंटरवरची मुलगी सोनालीच्याच वयाची होती. तिने कागद पाहिला, बलभीमला पाहिले, मग त्याच्या मागे पाहिले.

"काका, दोन पॅसेंजर आहेत. विठाबाई कुठे आहेत?"

"त्या न्हाईत."

"येतायत का मागून? काउंटर बंद होईल थोड्या वेळात."

"न्हाय. त्या वारल्या. दोन वर्सं झाली."

मुलीचे हात कळफलकावरच थांबले. "मग त्यांचं तिकीट कशाला काढलंत?"

"बसायला," बलभीम म्हणाला.

तिला कळायला जरा वेळ लागला. मग कळले, आणि तिचा चेहरा पडला. तिने हळू आवाजात समजावले. जादा सीट मिळते, पण ती ज्याची त्याच्याच नावावर, आधी कंपनीला सांगून घ्यावी लागते. दुसऱ्या माणसाच्या नावाने घेतली, तर तो माणूस हजर लागतो. हजर नसला तर त्याची सीट सुटते. आज विमान भरलेले होते, आदल्या दिवशीचे राहिलेले लोकही ताटकळत बसले होते.

"पण पैसे भरलेत की, ताई. दोघांचेबी."

"हो काका. पण तिकीट ज्याच्या नावाचं, त्यालाच बसता येतं."

तिने साहेबांना बोलावले. साहेब आले, त्यांनीही तेच सांगितले, आणि सांगताना ते बलभीमच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या टायकडे बघत होते. नियम होता, त्यात त्या बिचाऱ्यांचा काय दोष? हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत झाली होती. मागे रांगेतले लोक चुळबुळायला लागले होते.

"म्या उभ्यानं येतो," बलभीम म्हणाला. "मला सवय हाय. पोरीचं उद्या ऑपरेशन हाय, ताई. तिला आई न्हाय."

मुलीने पुन्हा स्क्रीनवरच्या सीटा चाळल्या. "उभं नाही राहता येत, काका. मी तुम्हाला कडेची सीट देते. पट्ट्याला जोडायला आणखी एक पट्टा मिळेल. आणि ही शेजारची सीट मी सगळ्यात शेवटी देईन. कोणी आलंच नाही, तर तुमचीच." मग तिने स्क्रीनकडे बघत विचारले, "विठाबाईंचं नाव काढू ना?"

विचारायची गरज नव्हती, तरी तिने विचारले. बलभीमने मान डोलावली. रेशनकार्डावरून हे नाव काढायला तलाठ्याने दोनदा निरोप पाठवला होता, आणि दोन्ही वेळा तो भट्टीचे कारण सांगून गेला नव्हता.

विमानात छत मात्र उंच नव्हते. बलभीम वाकून, एक खांदा पुढे घालून, लोकांच्या बॅगांना "माफ करा, माफ करा" म्हणत आपल्या ओळीपर्यंत पोचला. खिडकीशी एक तरुण कानात यंत्र घालून, पाय फाकवून, डोळे मिटून बसला होता. मधली सीट रिकामी होती. बलभीमने मधली दांडी वर केली आणि बसला. गुडघे पुढच्या सीटमध्ये घुसले, पण बसता आले. हवाईसुंदरीने जादा पट्टा कागदी रुमालाखाली झाकून आणला आणि कुणाला दिसू न देता त्याच्या हातात दिला. तेवढ्यासाठी बलभीमने तिला मनोमन आशीर्वाद दिला.

मग नकळत त्याच्या हाताने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि शेजारच्या सीटवर पसरून ठेवला. एसटीत टॉवेल टाकला की जागा आपली, तो कायदा इथेही चालेल असे हाताला वाटले असावे. माणसे येत होती, टॉवेलाकडे बघत होती, पुढे जात होती. रांग संपली. बलभीमचा जीव खाली बसू लागला.

तेवढ्यात सगळ्यांच्या शेवटी एक म्हातारी आली.

ती आसामची असावी. अंगावर पांढरट सुती वस्त्र, त्याला लाल काठ, हातात पिशवी, आणि उंची बलभीमच्या कोपरापर्यंत. तिने हातातला कागद पाहिला, सीटवरचा आकडा पाहिला, टॉवेल पाहिला, आणि शेवटी मान वर करून बलभीमला पाहिले. बलभीमने टॉवेल उचलला. उठून तिला आत जाऊ दिले आणि पुन्हा बसला.

म्हातारीने आपले अंग आवरले. कोपरे पोटाशी घेतली, एका पावलावर दुसरे पाऊल ठेवले, खांदा खिडकीकडच्या पोराच्या बाजूला चोरला, आणि निम्म्या सीटवर बसून बलभीमकडे बघून हसली. जणू त्याला जागा कमी पडली हा तिचाच अपराध होता. कुणी तिला सरका म्हटले नव्हते. पाय फाकवून झोपलेल्या पोराला तर कुणीच काही म्हटले नव्हते.

बलभीम तिच्याकडे बघत राहिला. हे बसणे त्याने पाहिले होते. कुठे पाहिले, ते आठवायलाही लागले नाही.

एसटीचे दोघांचे बाकडे. भूमहून बार्शीला, भूमहून तुळजापूरला, सोनालीच्या वेळी दवाखान्यात जाताना. तो खिडकीशी, विठाबाई कडेला. नेहमी कडेलाच. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने विचारले होते, खिडकीशी बसतीस का, तर म्हणाली होती, "मला कडंलाच बरं वाटतंय." त्याने ते खरे धरले होते. एक मांडी बाकावर, दुसरा पाय वाटेत रोवलेला, पुढच्या दांडीला हात घट्ट धरलेला. वळण आले की बलभीमचे सगळे वजन तिच्यावर यायचे. वाटेतून जाणारा प्रत्येक माणूस आपले गाठोडे तिच्या खांद्याला घासून न्यायचा. पोटुशी होती तेव्हाही ती अशीच बसली होती. उतरल्यावर कमरेला हात लावून म्हणायची, "रस्ता लई खराब झालाय बाई." आणि तोही रस्त्याला शिव्या घालायचा.

जन्मभर त्याने आपल्या देहाची लाज बाळगली होती. खुर्ची मोडेल, लोक हसतील, पोरीला कमीपणा येईल. या देहाची अडचण आपल्यालाच होते, अशी त्याची पक्की समजूत होती. ती निम्मी अडचण कोण सोसत होते, हे त्याला आज, ती गेल्यावर दोन वर्षांनी, अनोळखी म्हातारीकडे बघून कळले. त्याला स्वतःचा राग आला. रागापेक्षाही तिची आठवण जास्त आली, इतकी की त्याने पुढच्या सीटवर डोके टेकले आणि डोळे मिटून घेतले.

मग त्याने डोळे उघडले आणि तो सरकला. डावी मांडी सीटवरून बाहेर काढली, पाय वाटेत रोवला, पुढच्या सीटची पाठ हाताने धरली. म्हातारीच्या बाजूला वीतभर जागा मोकळी झाली.

"मावशी," त्याने हाताने दाखवले, "ऐसपैस बसा. आराम से."

म्हातारीने मान हलवून नको म्हटले. बलभीमने पुन्हा दाखवले. ती बोटभर सरकली. त्याने आणखी दाखवले, ती आणखी बोटभर सरकली. असे करत करत ती एकदाची पुऱ्या सीटवर आली, आणि तिने पावलावरचे पाऊल खाली ठेवले.

त्यानंतरचा प्रवास बलभीमला सोपा गेला नाही. चहाची गाडी आली की उठावे लागे. जाणारा-येणारा खांद्याला धक्का देऊन जाई, आणि मागे वळून वर त्याच्याकडेच रागाने बघे. कंबर धरली, मांडी बधिर झाली, धरलेल्या हाताला रग लागली. दर वेळी त्याला वाटे, आता आत सरकावे, आणि दर वेळी तो तसाच बसून राही. एवढे तरी आपल्याला कळू दे, असे त्याला वाटत होते. मध्येच म्हातारीने पिशवीतून सुपारीचे खांड काढून त्याला दिले. त्याने तिला आपल्या भट्टीच्या खव्याचा पेढा दिला. तो खाऊन तिने भुवया उंचावल्या आणि हात पुढे करून आणखी एक मागितला. नंतर ती झोपली, आणि झोपेत तिचे डोके त्याच्या दंडाला टेकले. गुवाहाटी येईपर्यंत बलभीमने तो हात हलवला नाही.

विरेशच्या ऑफिसातल्या एकाने जीप पाठवली होती. जीपने त्याला थेट दवाखान्यात सोडले. दुपार कलली होती. बायकांचा वॉर्ड लांबलचक होता, आणि एवढा धिप्पाड माणूस हातात लाडवांचा डबा घेऊन लंगडत येताना पाहून खाटांवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. लाज वाटून घ्यायची नाही, हे बलभीमने मनाशी म्हटले आणि तो चालत राहिला.

सोनाली खिडकीजवळच्या खाटेवर होती. तोंडावर सूज आलेली, हाताला सुई लावलेली. तिने त्याला पाहिले आणि काही बोलायच्या आधी तिला रडू कोसळले. बलभीमने तिला रडू दिले. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो उभा राहिला.

रडे थांबल्यावर ती म्हणाली, "आप्पा, तुमी खरंच आलाव. कसे आलाव? बसायला नीट मिळालं का इमानात?"

"मिळालं की. तुझ्या आईचं बी तिकीट काढलं व्हतं."

सोनाली त्याच्याकडे बघत राहिली. बलभीमने डबा खिडकीत ठेवला, लुगड्याच्या घड्या तिच्या उशाशी ठेवल्या. तिने त्यांवर हात फिरवला आणि त्या ओळखल्या.

खाटेजवळ बसायला एक लोखंडी स्टूल होते, ताटलीएवढे. सोनालीने स्टुलाकडे पाहिले, बापाकडे पाहिले. मग सुईचा हात सांभाळत, एवढे मोठे पोट घेऊन, ती हळूहळू खाटेच्या कडेला सरकू लागली. एक पाय खाली सोडला, एका हाताने दांडी धरली, आणि खाटेचा मोठा भाग मोकळा करून म्हणाली, "बसा आप्पा. मला कडंलाच बरं वाटतंय."

बलभीम जागच्या जागी थिजला.

"न्हाय," तो म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या खाटेवरची बाई दचकली. मग त्याने तो खाली आणला. "न्हाय, माय. कडंला न्हाय बसायचं. मधी सरक. आणखी. आणखी सरक."

"मग तुमी कुठं बसताल?"

त्याने तिचा खाली सोडलेला पाय उचलून वर ठेवला. पाठीशी उशी दिली, दोन्ही बाजूंची चादर सारखी केली. मग टॉवेल जमिनीवर अंथरला आणि भिंतीला पाठ टेकवून, दुखरे पाय खाटेखाली लांब सोडून तो बसला. खाली बसूनही त्याचा खांदा खाटेच्या बरोबरीला येत होता. सोनालीला हात नुसता बाजूला टाकला तरी तो लागत होता. थोड्या वेळाने तिने तसा हात टाकला, आणि खाटेच्या मधोमध, दोन्ही अंगांना जागा सोडून, ती झोपी गेली.